गिरणीचे सूत आणि कामगाराचा श्वास

एखाद्या मोठ्या कंपनीचा इतिहास सांगताना भांडवल किती, यंत्रे किती, नफा किती, ही माहिती आपण मोठ्या हौसेने देतो. त्या यंत्रांपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचे हात शाबूत राहिले की नाही, त्याच्या छातीत काय साठत गेले, याची नोंद मात्र ताळेबंदात सापडत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, सोलापूर अशा गिरणगावांत ज्यांचे वाडवडील भोंग्याच्या हाकेवर उठत असत, त्यांना ही न सापडणारी नोंद घरोघरच्या आठवणीतून ठाऊक आहे. तिचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

1 जानेवारी 1877 रोजी राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. त्याच दिवशी नागपूरला जमशेटजी टाटा यांची कापडगिरणी सुरू झाली आणि तिला ‘एम्प्रेस मिल’ हे नाव मिळाले. मुंबई सोडून नागपूर निवडण्याचे कारण उघड होते. कापूस जवळ, कोळसा जवळ आणि रेल्वे दाराशी. कारभार पाहण्यासाठी टाटांनी बेझनजी दादाभाई मेहता यांस नेमले. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले होते. आरंभी माणसांची हजेरी फार अनियमित असे. दंड करून माणसे टिकत नाहीत, हे चालकांनी लवकर ओळखले. त्यांनी गिरणीत खेळत्या हवेची सोय केली, हवेत ओलावा राखणारी यंत्रे बसविली, आणि आग लागताच छतातून पाण्याचे फवारे सुटावेत अशी व्यवस्था केली. त्या काळच्या हिंदुस्थानात या गोष्टी नव्या होत्या.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत तटातट तुटते, म्हणून हवेतील ओलावा प्रथम सुताला हवा होता. फवाऱ्यांनी कामगाराचा जीव वाचत असे, तसाच मालकाचा मालही वाचत असे. यात चालकांना कमीपणा नाही. धन्याचा आणि चाकराचा लाभ एका वाटेने जात असेल, तर ती वाट शोधून काढणे हेही शहाणपणच. परंतु दोघांच्या वाटा जेथे फुटतात तेथे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

एम्प्रेस मिल त्या फाट्यापर्यंतही काही पावले गेली. 1886 साली तिने निवृत्तिवेतनाचा निधी उभारला आणि 1895 पासून अपघातात जखमी झालेल्या कामगारास भरपाई देण्यास सुरुवात केली. तसे करण्याचे कोणतेही कायदेशीर बंधन त्या वेळी नव्हते. पुढे त्याच घराण्याच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात 1912 साली आठ तासांचा दिवस सुरू झाला.

बाकीच्या गिरण्यांचे काय? 1881 साली पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, आणि धोक्याच्या यंत्रांभोवती कठडे असावेत, असे त्याने सांगितले. प्रौढ माणसाच्या तासांविषयी तो मुका होता. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा मत्सर त्यामागे होता, असे आपल्याकडील मालक म्हणत, आणि ते सर्वस्वी खोटे नव्हते. पण ज्याचा हात पट्ट्यात सापडला त्याला या वादाचे काय सुखदुःख? त्याचे गाऱ्हाणे मांडले नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुल्यांचे हे सहकारी ‘दीनबंधू’ पत्र चालवीत. 1884 साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी सरकारी कमिशनापुढे ठेवला. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबरच, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अपंग झालेल्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, असे त्या अर्जात होते. 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली. जखमेच्या भरपाईचा कायदा व्हावयास मात्र 1923 साल उजाडले. मागणी आणि कायदा यांत एकोणचाळीस वर्षे गेली!

तुटलेला हात निदान दिसतो. धूळ दिसत नाही. कापूस पिंजण्याच्या आणि विंचरण्याच्या खात्यांत वर्षानुवर्षे राबणाऱ्यांच्या छातीत बारीक धूळ जाते. वैद्यकात त्या रोगास बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण चमत्कारिक आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते. लोखंड्यांनी झगडून मिळविलेल्या रविवारनंतरचा सोमवार असा उगवे! पुढे पुढे तो त्रास रोजचा होतो आणि शेवटी दम कायमचा जडतो. अपघाताला तारीख असते, साक्षीदार असतात. या रोगाला दोन्ही नसतात. म्हणूनच तो ‘बिडीचा खोकला’ म्हणून सहज खपून जातो.

आता शंभर वर्षांनंतरची एक रात्र पाहा. 2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. वायूची टाकी थंड ठेवणारे यंत्र बंद होते, वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी निकामी होता. तीनच वर्षांपूर्वी त्या कारखान्यात विषारी वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. धोक्याची पहिली ओळख कामगारालाच होते, हा त्याचा अर्थ. 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली ती याच धड्यावरून. धोकादायक कारखान्यांत सुरक्षा समिती असावी, तीत मालक व कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असावेत, आणि धोका समोर दिसताच तो वरिष्ठांच्या व समितीच्या कानी घालण्याचा कामगारास हक्क असावा, असे तीत आले.

टाटांनी जे दिले ते औदार्याने दिले, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानावे. पण औदार्य धन्याबरोबर येते आणि धन्याबरोबर जाते. लोखंड्यांनी मागितला होता तो हक्क, आणि तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये म्हणूनच कायदा लागतो. कायदाही शेवटी कागदच. यंत्राचा कठडा जागेवर आहे की काढून कोपऱ्यात ठेवला आहे, हे रोज कोणीतरी पाहावे लागते. ते पाहणाऱ्याचे म्हणणे जेथे कंपनी ऐकून घेते, तेथेच कामगार सकाळी गेला तसा धडधाकट संध्याकाळी घरी परततो.