जुन्या घरांतील खिडक्यांची बदली (कर्जत व खालापूर)

जुन्या घराच्या खिडक्या बदलताना वीजबचतीच्या दृष्टीने योग्य खिडकी निवडणे हा गृहदुरुस्तीचा एक भाग आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी असून तेथील हवामान उष्ण व दमट आहे. थंड देशांत खिडकीने घरातील ऊब राखावी अशी अपेक्षा असते. येथे तिने ऊन अडवणे व वारा आत घेणे अधिक महत्त्वाचे ठरते.

वायुवीजन

लाकडी चौकट, लोखंडी गज व दोन झडपा असलेली जुनी खिडकी उघडली असता जवळजवळ सर्व जागा वाऱ्यास मोकळी होते. तिच्या जागी दोन झडपांची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी बसवल्यास जेमतेम निम्मी जागा मोकळी राहते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ मधील ‘इको निवास संहिते’नुसार उष्ण-दमट प्रदेशात खिडक्यांचा उघडणारा भाग घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सुमारे एक षष्ठांश असावा लागतो. ही संहिता नव्या इमारतींसाठी असली तरी जुन्या घरासही हा हिशेब उपयोगी आहे. १२ चौरस मीटरच्या खोलीला २ चौरस मीटर मोकळी जागा हवी. १.२ मीटर लांबी-रुंदीच्या दोन झडपांच्या खिडक्यांतून ती सहज मिळते. तेवढ्याच दोन सरकत्या खिडक्यांतून सुमारे १.४४ चौरस मीटरच मिळते. मग दिवसभर पंखा चालवावा लागतो आणि बचतीसाठी केलेला खर्च वीजबिल वाढवतो.

काच व सावली

साध्या काचेतून उन्हाची सुमारे चार पंचमांश उष्णता आत येते. छज्जा दुपारचे ऊन अडवतो, मात्र पश्चिमेकडील तिरपे ऊन त्याला अडत नाही. तेथे आडव्या पट्ट्यांची झडप, पडवी किंवा झाड अधिक उपयुक्त असते. गडद काचेने उष्णता घटते, पण दिवसाही दिवे लावावे लागतात. दुहेरी काच वातानुकूलित, बंद खोलीतच परवडते.

चौकट व पाऊस

यूपीव्हीसीची चौकट गंजत नाही, फुगत नाही व तिला वाळवी लागत नाही. सागवानी चौकट सुस्थितीत असल्यास मात्र ती काढण्याचे कारण नसते. बिजागऱ्या व तावदाने बदलणे पुरते. पावसाळ्यात फुगलेल्या झडपेवर लगेच रंधा मारू नये, कारण लाकूड वाळल्यावर फट पडते. सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेतील पाणी जाण्याची भोके पावसाळ्यापूर्वी मोकळी करावी लागतात.