चिखलातली चाल

मृगाचा चांगला पाऊस झाला की हदगावकडच्या पांदणी चालण्याजोग्या राहत नाहीत. काळी माती वहाणेला धरते, तिच्यावर आणखी माती बसते आणि थोड्याच वेळात पायाला धोंडा बांधल्यासारखे होते. जाणती माणसे वहाणा हातात घेतात, पावले आखूड टाकतात, बांधाच्या गवतावरून जातात. हे त्यांना कोणी शिकवले?

१८३६ मध्ये जर्मनीतील विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या भावांनी मांडले की, पुढे जाणारा पाय लंबकासारखा आपोआप झुलतो. ते तितकेसे खरे ठरले नाही. स्नायूंनाही काम पडते. पण चालण्यात काटकसर असते, ही कल्पना टिकली.

ही काटकसर मोजता येते. शरीर अन्नातून ऊर्जा मिळवताना ऑक्सिजन वापरते, म्हणून चालणाऱ्याचा उच्छ्वास गोळा करून तपासतात. १९५८ मध्ये अमेरिकेतील राल्स्टन यांनी दाखवले की, ताशी सुमारे साडेचार किलोमीटर वेगाने ठरावीक अंतर सर्वांत कमी ऊर्जेत तोडता येते, आणि न सांगताही माणसे साधारण त्याच वेगाने चालतात.

हे झाले सपाट, कोरड्या जमिनीवर. १९७२ मध्ये सूल आणि गोल्डमन यांनी निरनिराळ्या जमिनी तपासल्या. डांबरी रस्त्याला १ धरले तर दलदलीला १.८ आणि सैल वाळूला २.१ असे गुणांक आले. काळी माती त्यांच्या यादीत नाही, पण पावसाळी पांदण दलदलीच्याच पंक्तीला बसवावी असे आम्हाला वाटते. म्हणजे तीन किलोमीटरवरच्या वस्तीवरून येणारे मूल पाचेक किलोमीटरची ऊर्जा खर्चून वर्गात येते. त्याला उशिराबद्दल दाराशी उभे करणाऱ्यांत आम्हीही होतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निदान काही अंशी २०१५ मध्ये कॅनडात मिळाले. जेसिका सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालणाऱ्यांच्या गुडघ्यांना असे यंत्र बसवले की नेहमीचा पावलांचा ताल महाग पडावा. सुरुवातीला बहुतेकांनी जुनीच चाल धरून ठेवली. त्यांना मुद्दाम निरनिराळ्या तालांत चालवल्यावर मात्र काही मिनिटांतच ते नव्या, स्वस्त तालावर आले. बचत पाच टक्क्यांहून कमी असतानाही!

शहरातून बदलून आलेले गुरुजीही पहिले काही दिवस चपला घालूनच पांदण तुडवतात. मग एके दिवशी चप्पल चिखलात रुतून तुटते आणि उरलेली वाट अनवाणी काढावी लागते. दुसऱ्या दिवशी चपला पिशवीत असतात.