क्लेजानीचे लाउतार : जिप्सी वाद्यवृंदाच्या चैतन्याचा ऐतिहासिक विचार

जिप्सी संगीताविषयी युरोपीय लेखकांनी जे विपुल लेखन केले आहे, त्यात 'रक्त', 'अग्नी', 'उपजत उन्माद' हे शब्द इतक्या वेळा येतात की, हे संगीत म्हणजे वाऱ्यापावसासारखा निसर्गाचाच एक आविष्कार असावा असे वाचकास वाटू लागते. इतिहासाच्या अभ्यासकाने या शब्दांविषयी सावध असले पाहिजे. जे रक्तातून आले असे मानले जाते त्याचा इतिहास कोणी शोधीत नाही, आणि त्याचे श्रेयही कोणाला देत नाही. रुमानियातील क्लेजानी या गावच्या वादकांचा जो वृंद 'ताराफ द हायदूक' या नावाने १९९१ पासून युरोपभर गाजला, त्याच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

'जिप्सी' हे नाव हे लोक ईजिप्तमधून आले या चुकीच्या समजुतीतून पडले. ते स्वतःला रोम म्हणवितात. त्यांची भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे, हे रुडिगर या जर्मन पंडिताने १७८२ मध्येच दाखविले होते. तथापि त्यावरून त्यांच्या व्हायोलिनमध्ये आपले राग शोधण्याचा मोह आवरलेला बरा. भाषा टिकली म्हणून संगीतही तसेच टिकले, असे म्हणता येत नाही.

या संगीताच्या मालकीचा वाद जुना आहे. हंगेरीतील जिप्सी वादकांवर फ्रान्झ लिस्ट याने १८५९ मध्ये एक ग्रंथ लिहून हंगेरियन म्हणून ओळखले जाणारे संगीत मुळात जिप्सींचेच असल्याचे प्रतिपादिले. १९३१ मध्ये बेला बार्टोकने याच्या नेमके उलट मत मांडले : ज्याला जिप्सी संगीत म्हणतात ते हंगेरियन रचनाकारांचेच असून जिप्सी केवळ ते वाजवितात. सुरावटींच्या उगमापुरते बार्टोकचे म्हणणे पुष्कळसे ग्राह्य आहे. परंतु दोघांनीही प्रश्न विचारला तो सुरावट कोणाची, एवढाच. वाजविणे हीदेखील निर्मिती असू शकते, हा विचार त्या वादात मागे पडला.

वालाकियातील, म्हणजे आजच्या दक्षिण रुमानियातील, रोम लोक शतकानुशतके गुलाम होते. तिस्माना येथील मठाला जिप्सींची ४० कुटुंबे दान दिल्याचा उल्लेख १३८५ च्या दस्तऐवजात आढळतो. राजाचे, मठांचे आणि सरदारांचे असे गुलामांचे तीन वर्ग होते, आणि शेवटच्या वर्गाची मुक्तता १८५६ मध्ये झाली. या गुलामांपैकी काही घराण्यांकडे वादन हा पिढीजात व्यवसाय होता. त्यांना लाउतार म्हणत. सरदाराच्या मेजवानीत इस्तंबूलच्या रुचीचे संगीत, शेतकऱ्यांच्या लग्नात होरा नृत्याचे ठेके, वृद्धांसमोर जुनी वीरगीते असे ज्याला जे हवे ते त्याला वाजवून दाखविणे हा लाउतारांचा धर्म होता. मुक्ततेनंतर मालक गेला, परंतु त्याच्या जागी बिदागी देणारा यजमान आला. ज्याला आज विविध संगीतप्रकारांचा संगम म्हणून वाखाणले जाते, तो या वादकांच्या पोटाच्या गरजेतून घडला आहे.

क्लेजानी बुखारेस्टच्या नैऋत्येस सुमारे ४० किलोमीटरांवर आहे. लाउतारांच्या लहान वृंदास तेथे 'ताराफ' म्हणतात. मूळ अरबी 'तरफ' शब्द तुर्कीमार्फत तिकडे गेला. मराठी दफ्तरे वाचणाऱ्यास तो महसुली विभाग म्हणून परिचित आहेच! व्हायोलिने, अ‍ॅकॉर्डिअन, बासरी, डबल बास आणि संतूरप्रमाणे काड्यांनी वाजविले जाणारे त्सांबाल, ही त्यांची मुख्य वाद्ये. त्सांबालवादक ठेक्याची एक अखंड साखळी विणीत राहतो, आणि तिच्यावर प्रत्येक व्हायोलिनवादक तीच सुरावट आपापल्या परीने, परंतु एकाच वेळी वाजवितो. सूर एकमेकांना घासून जातात, पण अलग पडत नाहीत. प्रमुख वादकाने एका नृत्यातून दुसऱ्यात उडी घेतली की इतरांनी तत्क्षणी मागोमाग जावयाचे. जांपाराले नृत्याच्या सात मात्रा दोन-दोन-तीन अशा पडतात. आपला रूपक तीन-दोन-दोन असा चालतो, त्यामुळे आपल्या कानाला तो प्रथम पालथा घातल्यासारखा वाटतो. ऐकणाऱ्याला जी बेभान गती वाटते, ती वादकाच्या बाजूने पाहता विलक्षण सावधानता असते. लग्नाच्या मांडवात पाहुण्यांचे पाय थांबू न देण्याची ही विद्या आहे, आणि ती बापाकडून मुलाने शिकावी लागते.

वृंदातील वृद्ध व्हायोलिनवादक निकोलाए न्याक्शू (१९२४-२००२) यांचे एक तंत्र विशेष उल्लेखनीय आहे. घोड्याचा एक केस व्हायोलिनच्या तारेला बांधून तो बोटांच्या चिमटीत ओढीत ते एक खरखरीत, घशातून आल्यासारखा ध्वनी काढीत. या ध्वनीच्या साथीने त्यांनी १९८९ च्या डिसेंबरात झालेल्या चाउशेस्कुच्या पतनावर वीरगीत गायिले. जुन्या बंडखोरांच्या गाथेचा साचा त्यांनी ताज्या घटनेला लावला. पोवाड्याची परंपरा जाणणाऱ्यास यात नवल वाटणार नाही.

साम्यवादी राजवटीने लोकसंगीताला मोठे गणवेशधारी वृंद आणि, १९७६ पासून, राष्ट्रीय महोत्सव दिले. जिप्सींना मात्र जिप्सी म्हणून त्यात स्थान नव्हते. १९८८ मध्ये क्लेजानीच्या वादकांची ध्वनिमुद्रिका फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यामागे संगीतसंशोधक स्पेरांत्सा रदुलेस्कु यांचे परिश्रम होते. ती ऐकून एक बेल्जियन रसिक क्लेजानीत पोहोचला, आणि त्यातून पुढील दौरे व 'हायदूक' (बंडखोर, वाटमारे) हे आकर्षक नाव निर्माण झाले. डिसेंबर २००० मध्ये बुखारेस्ट येथे झालेल्या मैफलींचे ध्वनिमुद्रण पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. तीत मॅसेडोनियाचा कोचानी हा पितळी वाद्यांचा वृंदही साथीस होता. परदेशांत दहा वर्षे गाजलेल्या या वादकांना स्वदेशाची राजधानी तोपर्यंत फारशी ओळखत नव्हती.

२००७ च्या 'मास्कारादा' या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी बार्टोक, खाचातुरियन, अल्बेनिस यांच्या रचना घेतल्या, आणि स्वरलिपीवरून नव्हे तर कानाने ऐकून आपल्या पद्धतीने बसविल्या. त्यांत बार्टोकची १९१५ ची 'रुमानियन लोकनृत्ये' आहेत. ही रचना बार्टोकने इओन बुशित्सिया या शिक्षकास अर्पण केली. पहिल्या नृत्याची सुरावट त्याने ट्रान्सिल्व्हेनियातील एका खेड्यात दोन जिप्सी व्हायोलिनवादकांकडून टिपून घेतली होती.