ताळेबंदाबाहेरचं पाणी

वाळूजचा बजाज ऑटोचा कारखाना 5 नोव्हेंबर 1985 रोजी सुरू झाला आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योगजगताने कात टाकली. त्या काळी कंपनीची प्रगती जोखायची ती विक्री, नफा आणि लाभांशावरून. पैठणच्या नाथसागर जलाशयातून वाळूजला येणाऱ्या पाण्याचं बिल खर्चात जमा व्हायचं. पाणी किती लागलं, हे भागधारकाला कळत नसे.

रुपयांपलीकडचा हिशेब मागणारे तेव्हाही होते. टाटा स्टीलने 1979मध्ये न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल यांची समिती नेमून स्वतःचं सामाजिक लेखापरीक्षण करवून घेतलं. पण तो स्वखुशीचा मामला होता. सक्ती आली ती कंपनी कायद्याखालच्या 1988च्या नियमांनी: संचालकांच्या अहवालात ऊर्जाबचतीची माहिती देणं भाग पडलं.

1993पासून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ‘फॉर्म पाच’ जाऊ लागला. 31 मार्चला संपलेल्या वर्षाचं हे पर्यावरण विवरणपत्र 30 सप्टेंबरपर्यंत भरायचं. त्यात प्रक्रिया, थंडावा आणि घरगुती वापर यांसाठी रोज किती घनमीटर पाणी लागलं, ते वेगवेगळं लिहायचं. दर नगामागे प्रक्रियेला लागलेलं पाणी गेल्या वर्षीचं आणि यंदाचं शेजारी-शेजारी मांडायचं. काटकसर झाली की उधळपट्टी, ते तिथेच उघड!

पण हा कागद मंडळाच्या दप्तरी जाई. पाण्याचा प्रश्न चव्हाट्यावर आला तो 2016च्या दुष्काळात. नाथसागर मृतसाठ्यावर आला, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने 60 टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांच्या पाण्यात 25 टक्क्यांपर्यंत कपातीचा आदेश दिला. कोणाला किती पाणी लागतं, हा आता गावाच्या तहानेशी जोडलेला प्रश्न होता.

त्याआधीच, 2012मध्ये, शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 सूचीबद्ध कंपन्यांकडून व्यवसाय जबाबदारी अहवाल मागितला होता. 2022-23पासून पहिल्या 1000 कंपन्यांना त्याहून सविस्तर ‘बीआरएसआर’, म्हणजे व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल, बंधनकारक झाला. पाणी, कचरा, उत्सर्जन, कामगारांचे अपघात, स्त्री-पुरुषांचं वेतन असं सारं त्यात आकड्यांत द्यावं लागतं.

तरीही एक मोठी फट राहिली. सक्तीचा आकडा अख्ख्या कंपनीच्या पाण्याचा असतो. त्यात वाळूजचा कारखाना आणि भरपूर पावसाच्या मुलखातला कारखाना एकाच बेरजेत जातात. पाणीटंचाईच्या भागातल्या प्रत्येक कारखान्याचा वेगळा हिशेब मागणारा रकाना नमुन्यात आहे, पण तो ऐच्छिक. शिवाय सूचीबद्ध नसलेल्या कंपन्यांना ही सक्ती लागूच नाही. नाथसागरावर तहान भागवणाऱ्या या जिल्ह्यासाठी तोच रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो सक्तीचा व्हायला हवा.