मुरूड, शके १७९७

हर्णैला मचवा किनाऱ्याला टेकत नाही. कपडे गुडघ्याच्या वर खोचा, वहाणा हातात घ्या आणि पाण्यात उतरा. चैत्र लागलाय, शके १७९७. साहेबाच्या हिशेबाने १८७५. मागे सुवर्णदुर्ग उभा आहे. १७५५ साली कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, पण त्याची कथा ऐकत बसलात तर ऊन डोक्यावर येईल. दक्षिणेला वळा आणि चालू लागा.

मुरूड समुद्रावरून दिसत नाही, दिसतात ते नुसते माड. आत शिरलात की एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना घरं आणि घरांच्या मागे आगरं. कुणा सिद्धपुरुषाने जंगल तोडून, आखणी करून हे गाव वसवलं असं इथले लोक सांगतात. सिद्धीचं खरंखोटं देव जाणे. आखणाऱ्याला पाणी मात्र कळत होतं.

जांभ्याच्या गडग्यातली बेडी ओलांडून आत या. क्षणभर काही दिसणार नाही, इतकी ही सावली दाट. मग एकेक उमटत जाईल. सर्वांत वर माड, त्याखाली पोफळींच्या सरळ रांगा, पोफळीला बिलगून वर गेलेला मिरीचा वेल, खाली केळी. एवढ्याशा जागेत किती जणांनी उजेड वाटून घेतलाय! कर्र कर्र असा जो आवाज कानावर येतोय तो रहाटाचा. रेडा गोल फिरतो, लोट्यांची माळ विहिरीत उतरते, भरून वर येते आणि डोणीत रिकामी होते. तिथून पाणी पाटाने निघतं, एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात. पाटावर एक माणूस उभा आहे. हे आळं भरलं की तो पायानेच माती सारून दार बंद करतो आणि पुढचं उघडतो. वाकतसुद्धा नाही. पावसाळा सरल्यापासून पुढचा येईपर्यंत हे चुकत नाही. पोफळीला तहान सोसत नाही, म्हणून या घरांतल्या सगळ्यांना एकाच वेळी गावाबाहेर जाणं परवडत नाही.

खळ्यात हंगामाची शेवटची सुपारी पसरलीय. सालीसकट चाळीसेक दिवस ऊन खाल्ल्यावर ती सोलायला येते. मग मुंबईचा व्यापारी, मग भाव. इथे जरा ओटीकडे बघा. सुपारी मोजणारा ओटीवर बसलाय. पोफळीवर चढणारा, रेडा हाकणारा आणि पाणी लावणारा खळ्याच्या कडेला उभा आहे. तुम्हाला पाणी विचारतील, पण आधी आडनाव विचारतील. आगराची ही सावली मला आवडते, पण ती कुणाकुणाच्या डोक्यावर पडत होती हे विसरून तिचं कौतुक करवत नाही.

संध्याकाळी दुर्गादेवीच्या देवळात जा. कोरीव लाकडी खांबांपाशी माणसं जमलीत आणि एक किडकिडीत मुलगा वर्तमानपत्र वाचून दाखवतोय. सोमण मास्तरांनी लावलेली ही सवय. मुलगा लाजरा आहे, मान वर करत नाही. नाव धोंडो केशव कर्वे, याच महिन्यात सतरा पुरी.

आता भाद्रपदापर्यंत थांबा. सरकारी परीक्षा साताऱ्याला आहे आणि पावसात समुद्र बंद. म्हणून तो सोबत्यांबरोबर पायी निघतो. शंभर मैलांहून जास्त वाट, सह्याद्री चढून. तुम्ही मागोमाग गेलात तर ओढ्यांत तुमच्या वहाणा जातील. साताऱ्यात साहेब त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, हा सतराचा वाटत नाही. वयाचा दाखला दाखवूनही उपयोग नाही, परीक्षेला बसू देत नाहीत. परत फिरा.

पुढची वर्षं भराभर ओलांडू. तो मुलगा मुंबईला जातो, १८८४ साली बी.ए. होतो, पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागतो. गावासाठी ‘मुरूड फंड’ काढतो. आणि ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई नावाच्या विधवेशी लग्न करतो. त्यानंतर मुरूडला या, देवळाच्या आसपासच उभे राहा. गाव जमलंय. ज्याचं वाचन ऐकायला माणसं दाटीने बसायची, त्याला वाळीत टाकायचं ठरतंय. पाटाचं पाणी माती सारून बंद करावं, तसं गाव त्याच्यापुरतं बंद होतं. आई घरात आहे, तिच्या हातचं जेवायचीही चोरी. १९५८ साली, वयाच्या शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं तेव्हा गाव अर्थातच त्यांचं झालं होतं.

आणखी एक तारीख बघून घ्या, मग सोडतो. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. दुपारी पडवीत दार लावून बसा. सकाळपर्यंत आगरात होती ती सावली संध्याकाळी नाही. पोफळी मुळासकट आडव्या, माड कमरेत मोडलेले, आणि घरातून थेट समुद्र दिसतोय. म्हाताऱ्या माणसांनीही हे दृश्य पाहिलेलं नव्हतं. मळे असे उजाड होणं इतरत्रही घडलंय: कर्वे शाळकरी होते त्याच काळात दक्षिण फ्रान्समधल्या गावांत द्राक्षवेलींच्या मुळांना कीड लागून मळेच्या मळे उखडावे लागले होते. पण वेलाला तीन-चार वर्षांत फळ धरतं. पोफळीला सहा-सात वर्षं लागतात, माडाला बऱ्याचदा त्याहून जास्त. लावणारा साठीचा असेल तर तो रोप घेण्याआधी बोटांवर हिशेब करतो.

बऱ्याच जणांनी हिशेब करून रोपं लावलीत. रहाट कधीच गेला. विहिरीवर पंप आहे, पाटाच्या जागी नळ्या आहेत आणि आगराच्या कडेला दोन खोल्या बांधून पाटी लावलेली आहे. सुपारीपेक्षा त्या खोल्यांचं उत्पन्न भरवशाचं. तुम्ही बेडीतून डोकावलात की काकू आतून विचारतील, “जेवायला किती माणसं? आणि मोदक हवे असतील तर आत्ताच सांगा हो, मग ऐनवेळी जमायचं नाही.”