गॅरंटी, वॉरंटी आणि मोडलेला क्रँकशाफ्ट

1992 च्या सुमाराची गोष्ट. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी माल तपासणीला होतो. चंदगडकडचे एक गिरणीवाले मामा डिझेल इंजिनचा मोडलेला क्रँकशाफ्ट पोत्यात घालून आले. म्हणाले, "साहेब, दुकानदार म्हणतो तुम्ही ऑइल घातलं नाही. मी म्हणतो मालच कच्चा. तुम्ही बघून सांगा."

मी बघितलं. ऑइल कमी पडलं की जर्नल घासून निळं पडतं. तसं काही नव्हतं. तुटक्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेषा होत्या, आणि त्या जिथून सुरू झाल्या तिथं बारीक पोकळी. दोष ओतकामाचा. तसं तोंडी सांगितलं. लिहून मात्र दिलं नाही. इंजिनवाले आमच्या मालकांचे गिऱ्हाईक, हे एकच कारण.

मामांचं कार्ड इंग्रजीत होतं. मुदत 'चालू केल्यापासून किंवा कारखान्यातून निघाल्यापासून, यांपैकी जे आधी'. गिरणीची शेड होईपर्यंत इंजिन पेटीतच पडून होतं. मुदतही तिथंच सरत आलेली. नोझल आणि फ्युएल पंपाची जबाबदारी त्या-त्या कंपनीची. आणि बदललेला भाग इंजिन कंपनीच्या मालकीचा! म्हणजे पुरावाच द्यायचा आणि मग भांडायचं.

गॅरंटी, वॉरंटी आपण बोलताना एकच धरतो. 1930 च्या मालविक्री कायद्याचं 12 वं कलम मात्र 'अट' आणि 'वॉरंटी' वेगळी काढतं. सौद्याच्या मूळ हेतूला आवश्यक ती अट. ती मोडली तर माल नाकारता येतो. वॉरंटी ही जोडकलमासारखी. ती मोडली तर भरपाई मिळते, माल परत करता येत नाही. 16 वं कलम गिऱ्हाइकाच्या बाजूचं आहे: काम सांगून, विक्रेत्याच्या माहितीवर विसंबून माल घेतला, तर तो त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. पण नुसता मार्का सांगून मागितला तर हे संरक्षण सुटतं. आपल्याकडं तर इंजिन मार्क्यानंच मागतात.

हा भेद आला इंग्लंडच्या 1893 च्या कायद्यातून. तिथं 1925 साली बाल्ड्री विरुद्ध मार्शल हा खटला गाजला. गिऱ्हाइकाला प्रवासाला आरामशीर मोटार हवी होती. विक्रेत्यानं बुगाटी दिली, ती त्या कामाची निघाली नाही. करारात इतर सगळ्या गॅरंट्या-वॉरंट्या नाकारल्या होत्या. कोर्टानं म्हटलं, वॉरंटी नाकारलीत, अट नाही. पैसे परत करावे लागले. एका शब्दाची किंमत ही अशी.

मामांच्या वेळी 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा होता. त्यात माल प्रयोगशाळेत तपासून घ्यायची सोयही होती. पण 'व्यापारी हेतूनं' घेतलेला माल त्यातून वगळलेला. वकिलानं मामांना सांगितलं, गिरणी म्हणजे धंदा, नाद सोडा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं यंत्र व्यापारी हेतूत मोडत नाही, हा खुलासा कायद्यात आला 1993 मध्ये. 1995 ला सुप्रीम कोर्टानंही तो उचलून धरला. तोवर मामांनी पदरच्या पैशानं नवा शाफ्ट बसवला होता. जुना दुकानदारानं ठेवून घेतला.

कायद्याचा इतिहास निकालपत्रांत सापडतो. तक्रारीचा इतिहास मात्र कार्डं, बिलं आणि मोडक्या भागांत असतो, आणि तेच आपण भंगारात घालतो. कुणाच्या घरी जुन्या इंजिनची कार्डं असतील तर फेकू नका. मंडळाकडं आणून द्या. मी त्या दिवशी चार ओळी लिहून दिल्या असत्या, तर त्यांतलाच एक कागद आज जास्त असता.