रामगिरी, मेघदूत आणि आपण

जामसांवळीच्या निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनास विदर्भातून असंख्य भाविक येतात. तोच रस्ता उलट धरून, सौंसर आणि सावनेर मागे टाकीत पारशिवनीवरून रामटेकला जाणे ही आमच्या भागातील मराठी कुटुंबांचीही जुनी रीत आहे. गडावर राम-लक्ष्मणांचे दर्शन घेऊन बहुतेक यात्रेकरू परततात. तेथील कालिदास स्मारकाकडे पावले वळतात ती थोड्यांचीच. भिंतींवरील चित्रांतून कवीच्या कृतींतील प्रसंग पाहत असता मनात एक प्रश्न उभा राहतो : ज्याचे जन्मस्थान ठाऊक नाही आणि समाधीही नाही, त्या कवीचे स्मारक याच टेकडीवर का?

याचे उत्तर शोधण्यात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांनी आयुष्याचा मोठा भाग वेचला. मेघदूतातील शापित यक्ष रामगिरीवर राहतो. तेथील जल जानकीच्या स्नानाने पावन झालेले असून गिरीवर रघुपतीची पदचिन्हे आहेत, असे काव्यच सांगते. हा रामगिरी म्हणजे रामटेक, हे मिराशींचे प्रतिपादन. त्याचा भक्कम आधार म्हणजे अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथील ताम्रपट. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिने तो रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिला, असा त्यात स्पष्ट निर्देश आहे. ही राणी गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पती दुसरा रुद्रसेन याच्या अकाली निधनानंतर अल्पवयीन पुत्रांच्या वतीने तिने राज्यकारभार पाहिला. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या पायथ्यालगतचे आजचे नगरधन. तेथे २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात याच राणीच्या नावाची मातीची मुद्रा हाती आली, तेव्हा मिराशींच्या मांडणीस आणखी बळ मिळाले.

कवीचा या दरबाराशी संबंध सुचविणारी एक परंपराही आहे. प्रभावतीगुप्तेचा पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या नावावर 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य आहे. ते विक्रमादित्याच्या आज्ञेवरून कालिदासाने रचले, असे त्याचा टीकाकार रामदास सांगतो. मात्र हा टीकाकार अकबराच्या काळातला. म्हणजे मध्ये हजारांहून अधिक वर्षांचे अंतर पडले. परंपरा म्हणून तिचे मोल आहे, पुरावा म्हणून ते बेताचेच.

प्रतिपक्षही दुबळा नाही. मल्लिनाथाने रामगिरी म्हणजे चित्रकूट असा अर्थ केला. सरगुजातील रामगढचे अभिमानी आपला पक्ष तितक्याच हिरिरीने मांडतात. मेघाच्या वाटेवरील आम्रकूट म्हणजे अमरकंटक मानल्यास रामटेकहून निघालेल्या मेघाला फार पूर्वेकडे वळावे लागते, हा आक्षेपही विचारार्ह आहे. ताम्रपटाने सिद्ध होते ते एवढेच, की वाकाटककाळी रामगिरी नावाचे पूज्य स्थान होते आणि राजघराण्याची तेथे श्रद्धा होती. कवी तेथे राहिला, हे त्याने सिद्ध होत नाही.

या संदर्भात चीनमधील एका स्थळाची आठवण होते. थांग काळातील महाकवी तू फू (७१२–७७०) युद्धाच्या धामधुमीत छंगतू येथे आला आणि ७६० मध्ये त्याने तेथे एक पर्णकुटी उभारली. सुमारे चार वर्षांच्या वास्तव्यात त्याने दोनशे चाळीसांवर कविता लिहिल्या. मूळ कुटी नष्ट झाली. परंतु ९०२ मध्ये वेइ च्वांग या कवीने ती जागा शोधून तेथे पुन्हा कुटी बांधली. पुढे अनेक राजवटींनी तिचा जीर्णोद्धार केला आणि आज तेथे कवीचे मंदिरही आहे. तेथे कवीचा निवास निश्चित, झोपडी मात्र नवी. रामटेकला टेकडी जुनी, कवीचा निवास अनिश्चित. तरीही दोन्ही ठिकाणी स्मृती राखली ती वाचकांनी.

आम्हा सीमेवरील मराठी जनांना या काव्याचे अगत्य वाटण्यास आणखी एक कारण आहे. रामटेक ते विदिशा अशी सरळ रेघ नकाशावर ओढली, तर ती छिंदवाड्याजवळून जाते. रामटेकचा पक्ष खरा मानला, तर यक्षाचा मेघ आमच्या पूर्वेच्या आकाशातूनच रेवेकडे गेला असला पाहिजे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले, सौंसर-पांढुर्णा दुसऱ्या राज्यात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. भाषा मात्र घरोघरी तीच राहिली.

ती टिकण्यात ग्रंथालयांचा वाटा किती, हे वेगळे सांगावयास नको. कृष्णशास्त्री चिपळूणकर, चिंतामणराव देशमुख, बोरकर, कुसुमाग्रज, शांता शेळके अशा पिढ्यापिढ्यांच्या लेखकांनी मेघदूत मराठीत आणले. रामटेकचे स्मारक पाहून परतणाऱ्याने यांपैकी एक तरी पुस्तक कपाटातून काढून वाचावे. रामगिरी कोठे, याचा वाद पंडितांनी खुशाल चालवावा. पुस्तक उघडले गेले नाही, तर मात्र टेकडीवरच्या स्मारकात केवळ चित्रेच उरतील.